बांधाच्या चार बाजू

वर्गात मुलांना नदीचा आडवा छेद काढायला सांगितला, तर बहुतेक चित्रे सारखीच येतात. दोन्ही बाजूंना जमीन, मधोमध खोलगट भाग आणि त्याच्या तळाशी पाणी. आपल्याकडच्या मुलांनी असे चित्र काढणे स्वाभाविकच आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्या पठारात स्वतःची दरी कोरून वाहतात. शेत वर आणि नदी खाली. पाणी शेतात आणायचे तर ते उपसावे लागते.

पण नदी वर आणि शेत खाली, असेही असू शकते का? असू शकते. उत्तर इटलीच्या सपाट शेतीप्रदेशात अशा अनेक नद्या आहेत. त्यांतल्या सेनियो नावाच्या एका छोट्या नदीची ही गोष्ट आहे. आपल्यासाठी ती वेगळ्या कारणानेही महत्त्वाची आहे. 9 एप्रिल 1945 रोजी, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, या नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने हल्ला केला. त्या संध्याकाळच्या कामगिरीबद्दल शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज हे त्यांचे गाव. त्या दिवशी त्यांचे वय 23 वर्षांचे होते.

जाधवांच्या शौर्याची हकीकत अनेकांनी वाचलेली असते. आम्हीही वाचली होती. पण ती नीट वाचताना एका जागी आपण अडखळतो. सन्मानपत्रात नदीचे वर्णन आहे. या भागात सेनियो नदी सुमारे 15 फूट रुंद आणि 4 ते 5 फूट खोल आहे. पंधरा फूट म्हणजे आपल्या वर्गखोलीपेक्षाही कमी! पाणी छातीपर्यंत. आपल्याकडे एवढ्या पाण्याला बहुतेक लोक ओढा म्हणतील. मग शेकडो तोफा आणि रणगाडे असलेले सैन्य या ओढ्यापाशी तीन महिन्यांहून अधिक काळ का अडून राहिले?

याचे उत्तर त्याच वर्णनात पुढे आहे. नदीच्या दोन्ही काठांना 30 ते 35 फूट उंचीचे, जवळजवळ कड्यासारखे चढाचे पूरबांध होते. म्हणजे पाण्याच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक उंच बांध! हे बांध सैन्याने बांधलेले नव्हते. ते शेतकऱ्यांनी, शेतीसाठी, कित्येक पिढ्या घालवलेल्या होते. ही लढाई समजून घ्यायची तर आधी हा बांध समजून घ्यायला हवा.

नदी वर कशी चढते?

इटलीच्या नकाशात आपेनाइन पर्वताची रांग देशाच्या कण्यासारखी दिसते. या रांगेच्या उत्तरेला पो नदीचे मोठे मैदान आहे. मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यात, एमिलिया-रोमान्या प्रांतात, आपेनाइनवरून एकामागोमाग एक छोट्या नद्या उतरतात. रोन्को, मोन्तोने, लामोने, सेनियो, सांतेर्नो, सिल्लारो. जणू कंगव्याचे दातच.

डोंगरात या नद्यांना भरपूर उतार असतो, त्यामुळे पाणी वेगाने धावते आणि माती, वाळू वाहून आणते. मैदानात शिरताच उतार एकदम कमी होतो. वेग कमी झाला की पाण्याची गाळ वाहून नेण्याची ताकदही कमी होते आणि गाळ तळाशी बसतो. पात्र उथळ झाले की पुढच्या पुरात पाणी काठाबाहेर पडते. काठाबाहेर पडलेले पाणी पसरते, त्याचा वेग आणखी मंदावतो, आणि जाडसर गाळ काठालगतच साचतो. त्यामुळे काठाला मातीचा नैसर्गिक उंचवटा तयार होतो.

इथवर निसर्गाचे काम झाले. पुढचे काम माणसाने केले. या मैदानातली माती सुपीक आहे. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ती मोजून, चौकोन पाडून वाटून दिली होती. सुमारे 710 मीटर बाजूचे ते चौकोन लुगो आणि बान्याकावाल्लो या गावांभोवतीच्या रस्त्यांत आणि चरांत आजही ओळखू येतात. अशी जमीन पुरात जाऊ द्यायची नाही, म्हणून लोकांनी काठावर मातीचे बांध घातले. पण बांध घातल्यावर पूर शेतात पसरत नाही आणि सगळा गाळ दोन बांधांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतच साचतो. तळ वर येतो. मग बांध आणखी उंच करावा लागतो. तळ पुन्हा वर येतो. बांध आणखी उंच. अशी ही शर्यत शतकानुशतके चालली. शेवटी मैदानाच्या काही भागांत नदीचा तळच आसपासच्या शेतांपेक्षा वर गेला. इटालियन भाषेत अशा नदीला 'लटकती नदी' अशा अर्थाचे विशेषण लावतात. चीनमधील पीत नदी आणि बिहारमधील कोसी यांच्या बाबतीतही हेच घडले आहे. 

मग एवढ्याशा पाण्याला एवढा उंच बांध कशाला? बांधाची उंची रोजच्या पाण्यावरून ठरत नाही, ती पुराच्या पाण्यावरून ठरते. या डोंगरी नद्या एरवी ओढ्यासारख्या असतात, पण डोंगरात जोराचा पाऊस झाला की काही तासांत भरून येतात. एप्रिल 1945 मध्ये सैनिकांना दिसली ती 15 फुटांची नदी. बांध बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती पुरातली नदी.

शेतीची रचना, युद्धाची रचना

आता युद्धाकडे येऊ. 1944 च्या सप्टेंबरात दोस्त सैन्याने आपेनाइनमधली जर्मनांची गॉथिक रेषा पूर्व टोकाला भेदली आणि 21 सप्टेंबरला समुद्रकाठचे रिमिनी शहर घेतले. डोंगर मागे पडला, पुढे सपाट मैदान लागले. आता रणगाडे सुसाट धावतील असे सेनापतींना वाटत होते. नकाशात समोर एकही टेकडी नव्हती.

पण त्यांना जायचे होते वायव्येला, आणि नद्या वाहत होत्या ईशान्येला. म्हणजे कंगव्याचे दात नेमके वाटेत आडवे. त्यातच शरद ऋतूतला पाऊस सुरू झाला. चिकण मातीचा चिखल झाला. रस्ता सोडला की रणगाडा रुतायचा. एक नदी ओलांडावी, तर काही किलोमीटरवर दुसरी हजर. डिसेंबरच्या सुरुवातीला राव्हेन्ना पडले, मध्याला फाएन्झा. लामोने ओलांडली गेली आणि सेनियोपाशी सैन्य थांबले. दारूगोळा अपुरा होता, माणसे थकली होती, जमीन ओली होती. वसंतात जमीन वाळेपर्यंत वाट पाहायचे ठरले.

या मैदानात शेतीसाठी केलेली प्रत्येक गोष्ट बचाव करणाऱ्याच्या उपयोगी पडत होती. शेतातले पाणी काढून देणारे खोल चर रणगाड्यांना अडवत होते. झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेलींच्या लांबच लांब रांगा पलीकडचे काही दिसू देत नव्हत्या. विटांची जाड भिंतींची शेतघरे मशीनगन ठेवायला सोयीची होती. किनाऱ्याकडच्या भागात, कोमाक्क्यो सरोवर आणि आर्जेन्ता यांच्या आसपास, बरीचशी शेतजमीन पाणथळ उपसून मिळवलेली होती. तिथे पंप बंद पाडले आणि बांध फोडले की शेताचे तळे होत असे. जर्मनांनी तेच केले.

आणि या सगळ्यांत मोठा उपयोग होता पूरबांधाचा. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण उंची. सपाट मैदानात उंच जागा एकच, ती म्हणजे बांध. उंचीवरून किती दूर दिसते याचे एक सोपे सूत्र आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला 3.57 ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. शेतात उभ्या असलेल्या माणसाचा डोळा 1.6 मीटरवर धरला, तर त्याचे क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. 9 मीटर उंचीच्या बांधावरून तेच अंतर सुमारे पावणेअकरा किलोमीटर होते. अर्थात मध्ये झाडे आणि घरे येतात. म्हणून अशा बांधासमोरची झाडे तोडली जातात, घरे पाडली जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती बाग असते, मशीनगनवाल्याच्या दृष्टीने ती आड येणारी गोष्ट.

दुसरे कारण माती. मऊ माती गोळीची गती झपाट्याने कमी करते. दगडासारखी तिची कपची उडत नाही. पूरबांधाच्या पायथ्याची जाडी तर कित्येक मीटर असते. एवढी मातीची भिंत नव्याने उभी करायची म्हटली, तर हजारो मजुरांना महिनोन्महिने लागले असते. इथे ती तयार होती. फक्त पोखरायची होती. जर्मनांनी दोन्ही बांधांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खोदकामे केली. राहायच्या खोल्या, मशीनगनच्या जागा, काही ठिकाणी बांध आरपार जाणारी भोके.

तिसरे कारण सगळ्यांत महत्त्वाचे, आणि तिथेच आपण सन्मानपत्र वाचताना अडखळतो.

चार उतार

कागदावर दोन बांध काढा आणि मध्ये पाणी दाखवा. प्रत्येक बांधाला दोन बाजू, म्हणजे एकूण चार उतार झाले. पूर्वेकडून पश्चिमेकडे त्यांना क्रमांक द्या. पहिला उतार: पूर्व बांधाची शेताकडची बाजू. दुसरा: पूर्व बांधाची नदीकडची बाजू. मग पाणी. तिसरा: पश्चिम बांधाची नदीकडची बाजू. चौथा: पश्चिम बांधाची शेताकडची बाजू. दोस्त सैन्य पूर्वेला होते, जर्मन सैन्य पश्चिमेला.

आता मुलांना विचारा: जर्मनांनी मशीनगन कुठे ठेवल्या असतील? बहुतेक मुले तिसऱ्या उतारावर बोट ठेवतील. नदीपलीकडे, समोरून येणाऱ्या शत्रूकडे तोंड करून. ते बरोबरच आहे, तिथेही त्या होत्या. पण सन्मानपत्रात म्हटले आहे की जाधवांच्या तुकडीवर गोळीबार झाला तो पूर्व बांधाच्या *आतल्या* बाजूवरून, म्हणजे दुसऱ्या उतारावरून. हा उतार हल्ला करणाऱ्यांच्या बाजूच्या बांधाचा! शत्रू नदीच्या अलीकडे, आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे. असे का?

याचे उत्तर एका टॉर्चने मिळते. टेबलावर ओल्या वाळूचे दोन लांबट, समांतर ढीग करा. खोलीत अंधार करा आणि एका बाजूने, टेबलाच्या जवळपास पातळीवर धरून टॉर्च पेटवा. टॉर्चचा झोत म्हणजे तोफेच्या गोळ्याचा मार्ग समजा. पहिला उतार उजळेल. तिसऱ्या उताराचा वरचा भाग उजळेल. दुसरा उतार मात्र पूर्ण सावलीत राहील. आता टॉर्च हळूहळू वर न्या. झोत जेव्हा उतारापेक्षा अधिक तिरपा होईल, तेव्हाच दुसऱ्या उतारावर प्रकाश पडेल. समजा उतार 35 अंशांचा आहे आणि गोळा 20 अंशांनी खाली येत आहे, तर तो बांधाच्या माथ्यावरून पुढे निघून जाणार. उताराला लागणारच नाही. उखळी तोफेचा गोळा मात्र उंच जाऊन जवळजवळ उभा खाली येतो, म्हणून तो अशा जागी पडू शकतो. पण त्याची ताकद कमी असते आणि मातीत खोदलेल्या खोलीचे त्याने फारसे बिघडत नाही.

म्हणजे दुसरा उतार ही तोफांच्या सावलीची जागा होती. पूर्वेकडून कितीही मारा झाला, तरी तिथला सैनिक सुरक्षित. मारा थांबला की तो बाहेर येणार. आणि हल्ला करणारे शिपाई बांध चढून, उतरून, पाण्यातून पलीकडे गेले की त्यांच्या पाठीवर नेम धरणार. शिवाय याच दुसऱ्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर, जर्मनांनी सुरुंगांचा पट्टा पेरला होता.

हिवाळ्यात काही ठिकाणी परिस्थिती अशी होती की एकाच बांधाच्या पहिल्या उताराला दोस्त सैनिक आणि दुसऱ्या उताराला जर्मन. मध्ये फक्त मातीची जाडी. दोघे एकमेकांवर बांधाच्या माथ्यावरून हातगोळे फेकत. शेताचा बांध हा दोन भावांच्या भांडणाचा विषय आपल्याकडे नवा नाही, पण असा बांध जगात क्वचितच असेल.

9 एप्रिल

चार उतारांचे हे कोडे हल्ला आखणाऱ्यांनाही सोडवायचे होते. त्यांनी काय केले ते पाहिले, की आपले चित्र बरोबर आहे याची खात्री पटते.

दुपारी आठशेहून अधिक जड बाँबफेकी विमाने आली. त्यांनी मोठे बाँब टाकले नाहीत. हवेत किरचा उधळणारे छोटे बाँब टाकले. मोठ्या बाँबने जमिनीत खड्डे पडले असते आणि नंतर आपल्याच गाड्या अडल्या असत्या. मग सुमारे दीड हजार तोफांचा मारा सुरू झाला. तो मधूनमधून थांबवण्यात आला. मारा थांबला की जर्मन सैनिक खोल्यांतून बाहेर येऊन मशीनगनपाशी बसत, आणि मारा पुन्हा सुरू होई. असे काही वेळा झाले. शेवटच्या वेळी विमाने खाली झेपावली, पण बाँब न टाकता निघून गेली. ती झेप नुसती हूल होती. जर्मन डोकी खाली घालून बसलेले असतानाच पायदळ निघाले. आग ओकणारे रणगाडे आणि छोट्या गाड्या पूर्व बांधाला जाऊन भिडल्या. आगीचा लोळ माथ्यावरून पलीकडे पोचवता येत होता. तोफेचा सरळ गोळा जिथे पोचत नाही, तिथे पोचण्याचा तो एक भयानक उपाय होता.

तरीही सगळी खोदकामे रिकामी झाली नाहीत. बांधात पुरेशी माती होती.

आठवी भारतीय डिव्हिजन लुगोच्या समोरच्या भागात होती. तिच्यातल्या 1/5 मराठा लाइट इन्फंट्रीला सां पोलितो गावाच्या उत्तरेला नदी ओलांडायची होती. एका कंपनीने पूर्व बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिम बांधावर चढायचे, अशी योजना होती. नामदेव जाधव कंपनीचे 'रनर' होते, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. ते कंपनी कमांडरबरोबर पुढच्या तुकडीच्या मागोमाग होते.

पाणी ओलांडून ही माणसे पश्चिम काठाला लागली आणि पाठीमागून, दुसऱ्या उतारावरच्या किमान तीन ठाण्यांवरून, गोळीबार झाला. काही जखमी झाले, बाकीचे ठार झाले. धडधाकट उरले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलले, पाण्यातून नेले, उभा चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पूर्व बांधापलीकडे पोचवले. मग परत येऊन दुसऱ्यालाही तसेच नेले. दोन्ही वेळा उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

ते तिसऱ्यांदा बांध ओलांडून आले ते ठाणी मोडण्यासाठी. पहिले ठाणे त्यांनी टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागल्यामुळे बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातगोळे घेतले. गोळे संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. उरलेली दोन ठाणीही संपवली. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने खूण करून पुढे बोलावले.

याच दिवशी, याच नदीवर, याच डिव्हिजनमधील फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई झाली. त्या रात्री सेनियो ओलांडली गेली. पुढे सांतेर्नो, मग आर्जेन्ता. 2 मे 1945 रोजी इटलीतले युद्ध थांबले. इटलीत मरण पावलेल्या भारतीय सैनिकांची संख्या पाच हजारांहून अधिक आहे. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाची ही माणसे दुसऱ्या एका देशाच्या सुटकेसाठी, तिसऱ्याच्या निशाणाखाली लढत होती. हा विचार वर्गात यायला हरकत नाही. मोठी मुले तो स्वतःच मांडतात.

बांधाचे पुढे काय झाले?

सैन्य पुढे निघून गेले. शेतकरी परतले तेव्हा बागा तुटलेल्या होत्या, घरे पडलेली होती, नांगर घालायच्या आधी सुरुंग काढायचे होते. सेनियोकाठचे आल्फोन्सिने हे गाव तर बहुतांशी उद्ध्वस्त झाले होते. युद्धानंतर त्याचा मध्यभाग नदीच्या दुसऱ्या काठावर नव्याने वसवण्यात आला. या लढाईचे संग्रहालय आज याच गावात आहे.

आणि बांध? तो तर पोखरलेला होता. किल्ला म्हणून बांधाला जितकी भोके अधिक तितके चांगले; पूरबांध म्हणून एकही भोक वाईट. कोकणातल्या भातशेतीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बांधाला खेकड्याने भोक पाडले की खाचरातले पाणी कसे निघून जाते, हे तो रोज पाहतो. त्यामागचे विज्ञान सोपे आहे. बांध मातीचा असल्यामुळे थोडे पाणी त्यातून झिरपतेच. झिरपण्याचा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो: दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक, आणि पाण्याला मातीतून कापावे लागणारे अंतर. फरकाला अंतराने भागायचे. बांध 20 मीटर जाड आहे आणि फरक 5 मीटर आहे, तर उत्तर 0.25 येते. कोणी त्यात 12 मीटर खोल बोगदा खणला, तर मातीचे अंतर उरले 8 मीटर. उत्तर झाले 0.625, म्हणजे अडीचपट. जोर वाढला की झिरपणारे पाणी मातीचे बारीक कण बरोबर नेते, वाट रुंद होते, जोर आणखी वाढतो आणि एका पुरात बांध फुटतो. म्हणून युद्धानंतर हे बांध भरून, ठोकून पुन्हा बांध करणे गरजेचे होते. बंदुकीपासून वाचवणारी पोकळी पुरासाठी दार ठरली असती.

बांधाचे मूळ काम संपलेले नाही. मे 2023 मध्ये दोन आठवड्यांत दोनदा झालेल्या अतिवृष्टीने एमिलिया-रोमान्यातल्या वीसहून अधिक नद्यांना पूर आला. त्यांत सेनियोही होती. लुगोच्या रस्त्यांवर पाणी आले. प्रांतात 17 माणसे गेली. सप्टेंबर 2024 मध्ये या भागाला पुन्हा पुराने गाठले. या पुरांचा 1945 च्या खोदकामाशी संबंध जोडणे चूक ठरेल. पाऊसच तेवढा होता. पण लटकत्या नदीचा बांध जिथे फुटतो, तिथे पाणी वरून खाली येते आणि पूर ओसरला तरी आपणहून नदीत परतत नाही. बांध वाढवत जाणाऱ्यांनी सुपीक शेते मिळवली आणि त्याबरोबर हा धोकाही मिळवला. आज तिथले लोक बांध आणखी उंच करावेत, की पुराला पसरायला जागा ठेवावी, या प्रश्नाशी झगडत आहेत.

वर्गात

ही गोष्ट इतिहासाच्या तासाची की भूगोलाच्या? आम्हाला वाटते, ती एका तासात मावत नाही. शक्य असल्यास दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून ती घ्यावी. आधी वाळूचे बांध आणि टॉर्च. मग त्याच वाळूच्या बांधामागे पाणी साठवून पेन्सिलीने भोक पाडून पाहणे. पूर्ण आरपार नाही, अर्ध्यापर्यंतच. बांध कुठून आणि किती वेळात फुटतो, याची नोंद मुलांनी ठेवावी. वाळूऐवजी चिकण माती घेतली तर काय फरक पडतो, तेही पाहावे.

त्यानंतर नामदेव जाधवांची हकीकत वाचून दाखवावी आणि चार उतारांच्या चित्रावर मुलांना त्यांची वाट पेन्सिलीने काढू द्यावी. आम्ही ती काढून पाहिली. पलटणीबरोबर दुसऱ्या उतारावरून खाली. पहिल्या जखमीला घेऊन वर. पुन्हा खाली. दुसऱ्या जखमीला घेऊन वर. ठाणी मोडायला पुन्हा खाली. सुरुंगांचा पट्टा दुसऱ्या उतारावर आहे. म्हणजे तो पट्टा त्यांनी किमान पाच वेळा ओलांडला, त्यांपैकी दोनदा पाठीवर माणूस घेऊन. हा आकडा सन्मानपत्रात कुठेही लिहिलेला नाही. चित्र काढले की तो मोजता येतो.